जुनी स्वाहिली गाणी आणि नवे रॅपवाले : वारसा की उचलेगिरी?

सूरपारंबी

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे चर्चेला तोंड फुटेल. जुन्या गाण्यावर रॅप चढवायला माझी काही हरकत नाही. पण जुन्या गायकाचं नाव गिळून टाकलं की माझं डोकं फिरतं.

नैरोबीत राहते, त्यामुळे रोजचा प्रवास मटाटूचा. मटाटू म्हणजे इथली खासगी मिनीबस, बाहेरून अंगभर चित्रं आणि आत छाती हादरवणारे स्पीकर. सकाळच्या फेरीला रेडिओवर 'झिलिझोपेन्द्वा' लागतात. साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या लाडक्या गाण्यांना इथे सगळे याच नावाने ओळखतात. फादिली विल्यम, दाऊदी कबाका हे गायक, ले वान्यिका, सुपर मझेंबे हे बँड. संध्याकाळी त्याच गाडीत रॅप असतो, आणि मधूनच त्या रॅपखालून सकाळचीच एखादी गिटार डोकावते. शेजारच्या कॉलेजकुमाराला विचारलं की ही गिटार कुणाची, तर तो रॅपरचं नाव सांगतो. मूळ वाजवणारा कोण, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मला पटलेलं उदाहरण झांझिबारचं आहे. बी किदुदे ही तिथली ताराब (किनारपट्टीवरचं अरबी वळणाचं गाणं) गाणारी थोर बाई, २०१३ साली गेली. वय नेमकं कुणालाच माहीत नव्हतं, पण शंभरीच्या आसपास असावी असं सगळे म्हणत. तिने अखेरच्या वर्षांत ऑफसाइड ट्रिक या पोरांच्या गटाबरोबर 'अहमदा' हे गाणं केलं. जुन्या टेपवरून तिचा आवाज कापून आणलेला नाही, बाई स्वतः उभी राहून गाते आणि पोरं तिच्या अवतीभवती रॅप करतात. तिच्या आवाजातली खरखर कुणी घासूनपुसून गुळगुळीत केलेली नाही.

तुम्ही काय ऐकलंय? वारसा म्हणाल की उचलेगिरी?

चहाबिस्कुट

पहिला! सवडीने ऐकून लिहितो. हापिसात 'जांबो ब्वाना' लावलं तर शेजारच्या टेबलावरचे दोघे आत्ताच मसाई माराच्या सहलीचे दर बघायला लागलेत.

जुनीतबकडी

सूरपारंबी, विषय काढलात ते फार बरं केलंत. बी किदुदेच्या आधीची कडी सांगतो, कारण ती थेट आपल्या मुंबईत येते.

सिती बिंती साद. जन्म १८८०, झांझिबारमधलं फुंबा गाव, आईबाप गुलामगिरीतून आलेले. तोवर ताराब सुलतानाच्या वाड्यात आणि अरबी भाषेत गायलं जायचं. या बाईने ते स्वाहिलीत आणून मोहल्ल्यात बसवलं. १९२८ साली ती आपल्या साथीदारांसह बोटीने मुंबईला आली आणि हिज मास्टर्स व्हॉइससाठी गाणी ध्वनिमुद्रित केली. हो, आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनवर जे कुत्र्याचं चित्र असायचं, तीच कंपनी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कुणा बाईची गाणी तबकडीवर येण्याची ती पहिली वेळ. झांझिबारचा व्यापार मुंबईशी पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी मुंबई गाठणं तिथल्या लोकांना परकं वाटलं नाही.

आणि ती काय गायची ते बघा. 'किजिती' हे तिचं गाणं एका खऱ्या खुनावरचं आहे. किजिती नावाच्या माणसाने पाहुणी आलेल्या गरोदर बाईला मारलं आणि तो मुख्य भूमीवर पळून गेला. कोर्टात साक्ष द्यायला आलेल्या बायकांनाच न्यायाधीशाने शिक्षा केली, कारण त्या रात्री दारू त्यांनी आणली होती. हे सगळं नावानिशी गाण्यात आहे. आजचा रॅपर जे करतो असं आपण म्हणतो, ते या बाईने शंभर वर्षांपूर्वी केलं. बी किदुदेने पुढे हीच गाणी सितीकडून उचलली आणि आयुष्यभर गायली. त्याला कुणी उचलेगिरी म्हणालं नाही, कारण तिने सितीचं नाव झाकलं नाही.

पारिजातक

जुनीतबकडी काका, अंगावर काटा आला. वाखू (वाचनखूण) साठवली.

तबलजी

मी जरा वाद्यांच्या बाजूने लिहितो, कारण रॅपवाल्यांना हीच गाणी का भावतात याचं उत्तर तिथे आहे.

केनियाचा बेंगा, म्हणजे तिथलं गिटारवरचं नाचाचं संगीत घ्या. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या लुओ लोकांचं न्यातिती नावाचं आठ तारांचं वाद्य आहे. वाजवणारा जमिनीलगत बसतो, पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडं असतं, आणि तारा छेडता छेडता त्या कड्याने वाद्याच्या कडेवर ठेका धरतो. म्हणजे सूर आणि ताल एकाच माणसाकडे. गिटार आली तेव्हा डी. ओ. मिसियानीसारख्यांनी न्यातितीची ती तुटक, पळती बोटं गिटारवर आणली. म्हणून बेंगाची गिटार सूर धरून बसत नाही, ती सतत टोचत राहते.

दुसरी गोष्ट तबकडीची. ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर गाणं दोन बाजूंत तोडलेलं असायचं. पहिल्या बाजूला कडवी, उलटी केली की बहुतेक नुसतं वादन, लय चढलेली, दोन-तीन गिटारी एकमेकींत गुंतलेल्या. काँगोच्या गाण्यात या भागाला सेबेन म्हणतात. बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवणाऱ्या मुलाला हवा असतो तसा मोकळा, गायक नसलेला, चार मात्रांत फिरणारा तुकडा तिथे आयता तयार आहे. ले वान्यिकाचं 'सिना माकोसा' ऐका आणि पाच मिनिटं फक्त टॉम मलांगाच्या बास गिटारकडे लक्ष द्या. शब्द कळले नाहीत तरी चालेल.

लूपवाला

तबलजी दादा, अगदी खरं. मी घरी बीट बनवतो. ड्रम भरगच्च असला की त्यावर आपला ड्रम बसत नाही. या गाण्यांत ड्रम मागे आणि गिटार पुढे असते, त्यामुळे जागाच जागा. पण एक अडचण येते. त्या काळी मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) लावून कुणी वाजवायचं नाही, लय हळूहळू चढत जाते. लूप केला, म्हणजे तोच तुकडा फिरवत ठेवला, की तो चढ जातो. गाणं एकाच जागी पळायला लागतं.

सूरपारंबी ताई, तुमच्या मूळ मुद्द्याला माझा थोडा विरोध आहे. केनियाचा हिपहॉप म्हणजे नुसता जुन्याचा नवा अवतार असं चित्र होऊ नये. नैरोबीतल्या दांदोराच्या वस्तीतून आलेल्या कलामाशाका या गटाने १९९७ला 'तफसिरी हिई' केलं, ते कुणाचं जुनं गाणं नव्हतं. त्याच सुमारास हार्डस्टोनने 'उहिकी'मध्ये किकुयू लग्नाचं गाणं घेतलं आणि खाली मार्विन गेची चाल लावली, म्हणजे उचल दोन्ही बाजूंनी. आणि २००२ला गिडी गिडी माजी माजीचं 'अनब्वोगेबल' आलं, ते थेट निवडणुकीचं गाणं झालं. विरोधकांची आघाडी जिंकली तेव्हा सगळा देश ते म्हणत होता.

रानवारा

मी उलट बाजू मांडतो. उचलेगिरी म्हणाल तर ती मुळापासून आहे.

मोंबासाचा जुमा भालो घ्या. ताराबचा एवढा मोठा गायक, पण हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द बसवण्यासाठीच तो प्रसिद्ध होता. आवाजाची फेकही तशीच, साथीला हार्मोनियम-तबला, आणि काही ठिकाणी आपलं बुलबुल तरंग. काँगोचा रुंबा घ्या. क्यूबाच्या तबकड्या आफ्रिकेत विकायला आल्या, लोकांनी त्या ऐकून रुंबा उभा केला, आणि तोच पुढे नैरोबीत येऊन स्वाहिली झाला. सुपर मझेंबेचं 'शौरी याको' आज केनियाचं मानलं जातं, पण मूळ गाणं झाईरच्या (आजच्या काँगोच्या) न्ग्वाशी न्तिंबोचं. मझेंबेवालेही झाईरहूनच आलेले. आणि उलट दिशेनेही तेच चालायचं. दाऊदी कबाकाचं 'हेलुले हेलुले' १९६८ला इंग्लंडच्या ट्रेमेलोजने गायलं आणि तिकडे चाललं.

मग फक्त रॅपच्या पोरांनाच नावं का ठेवायची?

सूरपारंबी

रानवारा, मुद्दा चांगला आहे. पण भालोच्या मैफलीत बसलेल्या माणसाने तो सिनेमा थिएटरात बघितलेला असायचा. मोंबासात हिंदी सिनेमे जोरात चालत. चाल कुठली आहे हे समोरच्याला ठाऊक होतं, तीच तर गंमत होती. मटाटूतल्या त्या मुलाला मात्र काहीच ठाऊक नाही. उचलण्यात नाही, झाकण्यात खोट आहे असं मला वाटतं.

कायदाकानू

+१ सूरपारंबी. आता पैशाची बाजू.

'मलाइका'चं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. फादिली विल्यमने १९६०च्या आसपास ते ध्वनिमुद्रित केलं. पुढे मिरियम मकेबा, हॅरी बेलाफोंटे, बोनी एम, आँजेलिक किद्जो, कुणी म्हणून सोडलं नाही. जगभर तबकड्या खपल्या. रचना मात्र कुणाची यावर वाद आहे. टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या) अ‍ॅडम सलीमचं म्हणणं होतं की आपण ते १९४५ला रचलं. इतकं गाजलेलं गाणं आणि कर्त्याचा पत्ता नाही! कारण तेव्हा गाणं कंपनीच्या हाती एकरकमी द्यायचं आणि घरी जायचं, अशीच रीत होती. कागद कंपनीकडे राहायचा.

आपल्याकडे रिमिक्सची लाट आली तेव्हा कायद्यातली जुनी पळवाट अशी होती की दोन वर्षं झाली की नोटीस आणि ठरलेली रॉयल्टी देऊन आवृत्ती काढा. २०१२च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षं केली आणि अटी कडक केल्या. पण कायदा कितीही चांगला असला तरी १९७० साली ज्याच्याकडून अंगठा घेतला त्याच्या नातवाला काय मिळणार, हा प्रश्न उरतोच.

पारिजातक

'मलाइका'वरून थोडं अवांतर. आपल्या उषा उथुप नैरोबीत फार लोकप्रिय होत्या. त्यांनी खुद्द फादिली विल्यमबरोबर 'मलाइका' गायलंय. तिथल्या फेलिनी फाइव्ह या बँडबरोबर त्यांची नैरोबीतली मैफलीची तबकडीही निघाली होती. आमच्या घरी ती होती, बाबा रविवारी सकाळी लावायचे, आणि आई आतून ओरडायची की आवाज कमी करा, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

चहाबिस्कुट

काकूंच्या कुकरचा नमुना घेऊन कुणीतरी बीट बनवा रे. लूपवाला, तुझं काम.

लूपवाला

शिट्टीचा सूर कुठला, तेवढं कळवा. बाकीचं बघतो. :)

मडगावचो

झांझिबारचा विषय निघाला म्हणून. सुलतानाच्या बँडमध्ये वाजवणारे आमचे गोंयकार होते. इथल्या चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) शिकलेली माणसं, तिथे जाऊन सलामीच्या धून वाजवायची. त्यामुळे तिथल्या वाद्यवृंदात आलेली व्हायोलिनं बघून मला काही नवल वाटत नाही. आणि तिथला उरोजो कुणी खाल्लाय का? हळद-कैरीचं आंबट सार, त्यात भजी, बटाटा, वरून चटणी. फोरोधानीच्या बागेत संध्याकाळी मिळतो. भारतातून गेलेली भजी तिकडची कधी झाली कुणालाच कळलं नाही.

दर्यावर्दी

जहाजावर होतो तेव्हा दारेसलामला पुष्कळ वेळा मुक्काम पडायचा. टांझानियाची गोष्ट केनियापेक्षा वेगळी आहे आणि ती समजल्याशिवाय तिथला रॅप कळणार नाही.

पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या समाजवादाच्या काळात बँड सरकारी किंवा निमसरकारी संस्थांचे असत. कामगार संघटनेचा नुटा जॅझ, तोच पुढे नावं बदलत बदलत आजचा म्सोंदो न्गोमा. युवक आघाडीचा विजाना जॅझ. म्लिमानी पार्क हा एका वाहतूक कंपनीचा, त्याचं लाडकं नाव सिकिंदे. वादकांना महिन्याचा पगार. ध्वनिमुद्रण करायचं तर रेडिओ टांझानियाच्या स्टुडिओत, आणि ते रेडिओवरच वाजायचं. बाजारात तबकडी हवी असेल तर नैरोबी गाठायची. त्यामुळे हजारो गाणी नुसती रेडिओच्या टेपवर राहिली.

म्सोंदो आणि सिकिंदेचं वैर हे फुटबॉलच्या संघांसारखं. एका बाजूचा माणूस दुसऱ्याच्या नाचाला पाऊल ठेवायचा नाही. मी एका शनिवारी सिकिंदेला गेलो होतो. उघड्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, रात्री नऊला सुरू झालेलं पहाटेपर्यंत चाललं. एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं. गायक एखादी ओळ अशी टाकायचा की कुणीतरी उठून नाचत नाचत पुढे यायचा आणि त्याच्या कपाळावर नोट चिकटवायचा. घामाने ती तिथेच राहायची. मग दुसरा. वादकाच्या खिशात जी काही खरी कमाई पडायची ती हीच.

नव्वदीत खासगी एफएम आले, सरकारी पगार आटले, आणि बोंगो फ्लेवावाली (तिथल्या स्वाहिली रॅप-पॉपवाली) पोरं आली. त्यांना सरकारी स्टुडिओची गरज नव्हती, संगणक पुरेसा होता. म्हाताऱ्या वादकांचा राग होता की हे वाद्य न शिकता गाणं करतात. पोरांचं म्हणणं होतं की तुम्ही सरकारचं गायलात, आम्ही रस्त्याचं गातो. दोघांचंही बरोबर होतं. त्यातली पोरं पुढे संसदेत गेली बरं का. सुगु, प्रोफेसर जे, आणि म्वाना एफए तर संस्कृती खात्याचा उपमंत्री झाला.

रानवारा

दर्यावर्दी काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, आम्ही सगळे वाचू.

माझं आवडतं उदाहरण टांझानियाचंच. सैदा कारोली ही कागेरा भागातली, हाया भाषेत गाणारी. २००१च्या सुमारास तिचं 'मारिया सलोमे' घराघरांत होतं. मग ती मागे पडली. २०१६ला डायमंड प्लॅटनम्झ आणि रेवॅनी या तिथल्या नव्या गायकांनी तेच गाणं घेऊन 'सलोमे' काढलं, कोट्यवधी वेळा बघितलं गेलं, आणि लोक पुन्हा सैदाला शोधू लागले. मुलाखती झाल्या, तिने नवी गाणी केली. नवं गाणं आलं नसतं तर हे झालं असतं का?

कडकलक्ष्मी

असहमत. मी दोन्ही पाठोपाठ ऐकली. सैदाच्या गाण्यात ढोल आहेत, आणि ती ढोलाच्या आधी किंवा नंतर शब्द टाकते, बरोब्बर ठेक्यावर कधीच नाही. नव्यात सगळं चौकटीत बसवलंय. शिवाय तिच्या गाण्यातली बाई सांगत असते, नव्यात बाई फक्त बघायला आहे. पुढे तिला मुलाखती मिळाल्या हे चांगलंच, पण म्हणून गाणं चांगलं ठरत नाही.

सूरपारंबी

कडकलक्ष्मी, हे मला सुचलं नव्हतं आणि अगदी पटलं. 'अहमदा'त तीच गोष्ट उलटी आहे, तिथे म्हातारीच सूत्रं हातात घेते.

तबलजी

रक्ताचाच वारसा बघायचा तर लोंगोंबाज. विकी लोंगोंबा हा काँगोच्या ओके जॅझ या बँडच्या संस्थापकांपैकी. त्याचा मुलगा लोव्ही नैरोबीत येऊन सुपर मझेंबेत गायला. लोव्हीची मुलं, ख्रिस्तियन आणि बापाच्याच नावाचा लोव्ही, यांनी लोंगोंबाज नावाने 'दोंदोसा', 'वुता पुम्झ' अशी हिपहॉप गाणी केली, आणि मटाटूवाल्यांनी ती वाजवून वाजवून झिजवली. आजोबांचं एकही गाणं त्यांनी नुसतं उचललं नाही. पण दोन आवाज तिसऱ्या स्वरावर एकत्र धरायची घराण्याची सवय ऐकू येते.

तसाच दुसरा नातू म्हणजे केएमआरयू. आजोबा जोसेफ कमारू, किकुयू गाण्यातलं मोठं नाव, २०१८ला गेले. नातवाचं नावही तेच. तो स्वतः करतो ते शांत, शब्द नसलेलं ध्वनीचं काम, पण आजोबांच्या जुन्या तबकड्या स्वच्छ करून तो स्वतः पुन्हा प्रकाशित करतोय. आजोबांचं गाणं त्यांच्याच नावाने, नातवाचं त्याच्या नावाने. भेसळ नाही.

लूपवाला

इथिओपियाचं विसरू नका. रॅपर नास आणि रेगेवाला डेमियन मार्ली यांचं 'अ‍ॅज वी एंटर' (२०१०) तिथल्या मुलातु अस्तातकेच्या 'येगेले तेझेता'वर उभं आहे आणि मुलातुचं नाव त्यात नोंदलेलं आहे. मी मुलातुपर्यंत त्याच वाटेने पोचलो. म्हणजे नाव लिहिलं तर माणूस मागे जाऊन ऐकतो.

चहाबिस्कुट

ऐकून आलो. 'सिना माकोसा' तीनदा. आता हापिसातले दोघे सहल विसरून गिटारच्या क्लासची फी विचारतायत.

सूरपारंबी

एक गोष्ट राहिली, आणि त्यात रॅपर कुणीच नाही. २०२४च्या शेवटी इथल्या तरुणांनी राष्ट्राध्यक्षांना 'कासोंगो' म्हणायला सुरुवात केली. याच नावाचं सुपर मझेंबेचं सत्तरच्या दशकातलं गाणं, काँगोच्या लिंगाला भाषेतलं. बायको नवऱ्याला घरी परत ये म्हणतेय. एकही नवा ठोका न घालता पोरांनी ते जसंच्या तसं मोबाइलवर फिरवलं. मटाटूत ते लागलं की सगळी गाडी गाते. गायकाचं नाव विचारलं तर यावेळी मात्र चार जण सांगतात.

लूपवाला म्हणतो तेच मला मान्य आहे. नाव ठळक लिहा, जुना कलाकार हयात असेल तर त्याला स्टुडिओत बोलवा, पैसे ठरवा, मग हवं ते करा.

लूपवाला

मान्य. जुनीतबकडी काका, 'किजिती'वर कुणी रॅप केलाय का? नसेल तर कसा करावा?

जुनीतबकडी

मी ऐकलेला नाही. करायचा तर चाल घेऊ नकोस, पद्धत घे. सितीने आपल्या गावातला खटला गायला होता. तू तुझ्या गावातला घे. नावं, तारखा, न्यायाधीश काय म्हणाला, सगळं कोर्टाच्या कागदातून काढ. आणि पहिल्या कडव्यात सांग की हे सितीकडून शिकलो. त्याआधी बी किदुदेचं 'किजिती' ऐक, मग सितीचं. सितीच्या तबकडीत खरखर फार आहे, हेडफोन लावून ऐक, व्हायोलिनच्या मागे तिचा आवाज कसा वर चढतो ते सापडेल. दोन्ही ऐकून झाली की इथेच लिही.